बत्तीस हवं म्हणून चाळीस

डॉक्टरांनी साहेबांना एका पारदर्शक डब्यात ठेवलं, डबा डोक्याच्या वर धरला आणि खालून पाहिलं. मग तो डबा त्यांनी समोरच्या तिघांपुढे आळीपाळीने धरला. साहेबांच्या पोटाची कातडी एरवी दुधासारखी पांढरी आणि इतकी पातळ असे, की आतलं निळसर काहीतरी दिसायचं. आता ती मधोमध तपकिरी पडली होती, कडेने फोड आले होते आणि एका जागी ओल सुटली होती.

“भाजलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि हे एका दिवसाचं नाही. हळूहळू शेकत राहिलंय. यांना पोटाखालची आच वेळेवर कळत नाही, ऊब आहे म्हणून बसून राहतात. पेटीतली गरम जागा किती तापमानावर ठेवता?”

सुनेच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण हा प्रश्न बाबांच्या खात्यातला होता. साहेबांचं सगळं तिचे सासरेच बघत.

“चाळीस,” बाबा म्हणाले. डॉक्टरांचं पेन थांबलेलं पाहून त्यांनी शांतपणे पुढचं सांगितलं, “बत्तीस हवं, म्हणून चाळीस.”

डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, “बाबा, किती हवं ते नाही, किती होतं ते विचारताहेत.”

“तेच सांगतोय मी.”

“बरं, बरं.”

मग त्याने बायकोकडे पाहिलं. गेल्या वर्षभरात या नजरेचा अर्थ दोघांमध्ये ठरून गेला होता. बाबांनी गॅस चालू ठेवला, बाबा चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होते, बाबांनी दाराला आतून कडी घातली आणि बेल ऐकलीच नाही, अशा प्रत्येक वेळी ती नजर यायची. ती तेव्हा किंचित मान हलवायची. आजही तिने हलवली. मान हलवली त्याच क्षणी तिला काय झालं ते पूर्णपणे कळलेलं होतं.

साहेब म्हणजे पाल. लेपर्ड गेको, पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाड शेपटी आणि भिंतीवरच्या पालीला नसतात तशा पापण्या. तिची लेक शाळेत असताना हट्ट करून घेऊन आली होती. आजोबांनी पहिल्या दिवशी पेटीत डोकावून बराच वेळ पाहिलं होतं. तो प्राणी दगडावर पोट टेकून बसला होता, अधूनमधून पापणी मिटत होता, जिभेने स्वतःचा डोळा चाटत होता आणि बाकी काहीही करत नव्हता. “आमच्या हपिसातले मोठे साहेब हुबेहूब असेच होते,” आजोबा म्हणाले आणि नाव पडलं. तेव्हापासून साहेब आज रजेवर आहेत, साहेबांनी अळी नामंजूर केली, साहेबांची कात निघायची आहे तेव्हा भेट मिळणार नाही, असं घरात चालू होतं.

लेक कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिने साहेबांना आजोबांकडे सोपवलं. बाबा पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तिथली एक सवय त्यांच्या अंगात कायमची मुरली होती. कुणी आकडा सांगितला, की तो उलट म्हणून दाखवायचा. समोरच्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय जोडणीची खुंटी लावायची नाही. घरात दुधाच्या पिशव्या सांगितल्या तरी ते म्हणायचे, “दोन. बरोबर?” लेकीने पेटीजवळ उभं राहून सांगितलं होतं, की हा थर्मोस्टॅट खोटं बोलतो, खरं तापमान असतं त्यापेक्षा आठ जास्त दाखवतो, मी मोजून बघितलंय. म्हणून आकडा चाळीसवर ठेवायचा. आणि बाबांनी म्हणून दाखवलं होतं, “बत्तीस हवं, म्हणून चाळीस. बरोबर?”

सून तेव्हा त्याच खोलीत लेकीच्या बॅगेची चेन ओढत होती. चेन अडकत होती. ती हसून म्हणाली होती, “बाबा, हे एक्स्चेंज नाही.” म्हणजे तिने ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणूनच तर तिला त्यावर विनोद करता आला होता.

डॉक्टरांनी पुष्कळ सूचना दिल्या. वाळू आणि फरशी काढून टाकायची, खाली नुसता साधा टिश्यू पेपर, रोज बदलायचा. जखम पातळ केलेल्या जंतुनाशकाने पुसून वर चांदीचं मलम. वेदनेचं औषध तोंडात, थेंबाने. आणि गरम जागा मात्र बंद करायची नाही, कारण उष्णता मिळाली नाही तर याला अन्न पचत नाही आणि जखमही भरत नाही. “ज्याने भाजलं तेच लागणार आहे त्याला,” डॉक्टर म्हणाल्या, “फक्त बेताने. वाचेल असं आज सांगत नाही. खायला लागला तर बघू.”

परतताना गाडीत बाबा मागे बसले होते, डबा मांडीवर, दोन्ही हातांचा आडोसा करून. कोपऱ्यावर गाडी वळली तेव्हा ते म्हणाले, “मीच काहीतरी चुकीचं ऐकलं असणार. बत्तीसच म्हणाली असेल ती.”

“असू दे बाबा,” नवरा म्हणाला.

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. आता सांगावं. या सिग्नलनंतर. पण आधी खात्री करायला हवी, असं तिने स्वतःला सांगितलं. तपासल्याशिवाय बोलायचं नाही, ही तिच्या पेशाची शिस्त होती, आणि त्या संध्याकाळी ती शिस्त फार सोयीची होती.

तिचं काम तापमापक तपासण्याचं. कारखाने, दवाखाने, औषधांची गोदामं आपापली मोजायची यंत्रं तिच्या प्रयोगशाळेत पाठवत, आणि ती त्यांना प्रमाण तापमापकाशेजारी ठेवून कोण किती चुकतं ते शोधत असे. घरी येताच तिने बर्फ चुरून थर्मासमध्ये भरला, गार पाणी ओतलं, ढवळलं आणि थर्मोस्टॅटच्या तारेचं टोक त्यात बुडवलं. आकडा उतरत उतरत शून्यावर येऊन थांबला. जराही वर नाही की खाली नाही. तिने अचूक दुरुस्ती केली होती.

घडलं होतं ते इतकं साधं होतं. कामाच्या दौऱ्यावर जाण्याआधीच्या रविवारी दुपारी ती पेटीवरची धूळ पुसत होती आणि तिला थर्मोस्टॅटच्या पडद्यावर चाळीस दिसलं. कामाच्या पिशवीतला चांगला तापमापक काढून तिने गरम फरशीवर टेकवला, तर बत्तीस. म्हणजे प्राणी ठीक होता आणि यंत्र खोटं होतं. लेकीने सांगितलेलं तेव्हा तिला आठवलंच नाही. खोटं यंत्र डोळ्यांसमोर असताना तिला चैन पडत नसे. बटणं दाबून तिने आतली दुरुस्तीची जागा शोधली, आठ वजा केले, हवं ते तापमान बत्तीस लावलं आणि समाधानाने हात धुतले. मग दौऱ्यावर गेली. एका औषध कारखान्याच्या शीतगृहांमध्ये तापमान मोजायच्या कितीतरी तारा सोडून बसली. बाबांनी पडद्यावर बत्तीस पाहिलं. काच पुसताना कधी कधी त्यांच्या हाताचा धक्का बटणाला लागायचा, आकडा हलायचा आणि ते तो परत जागेवर आणायचे. तसाच त्यांनी या वेळीही आणला. बत्तीस हवं, म्हणून चाळीस.

बर्फाचं पाणी तिने सिंकमध्ये ओतून दिलं. खात्री झाली होती. तिने सांगितलं नाही.

शुश्रूषा मात्र तिने अशी केली, की नवऱ्याने फोनवर कुणाला तरी सांगितलं, ती आहे म्हणून निभावतंय. सकाळी कामावर जाण्याआधी ती खिडकीजवळच्या टेबलावर कापड पसरायची, साहेबांना डाव्या मुठीत सैल धरायची आणि कापसाच्या बोळ्याने पोट पुसायची. पहिल्या दिवसांत साहेब तोंड उघडून ओरडायचे. आवाज फार बारीक होता, ओल्या काचेवरून बोट फिरवल्यासारखा. त्यानंतर त्यांनी ओरडणं सोडलं, आणि ते जास्त वाईट होतं. मलम लावताना तिला मुठीत त्यांचं काळीज उडताना जाणवायचं. औषधाचा थेंब ओठाच्या कडेला लावला की ते जीभ बाहेर काढून तो चाटत, डोळे मिटून घेत. डोळे मिटलेली पाल माणसासारखी दिसते. ती नजर वळवायची आणि टिश्यू पेपर बदलायची.

खात मात्र नव्हते. कॅल्शियमची पांढरी पूड लावलेली अळी तिने चिमट्यात धरून नाकासमोर हलवली, तर तोंड फिरवायचे. शेपटी, जिच्यात हे प्राणी चरबी साठवतात, ती रोज थोडी बारीक दिसत होती.

बाबा त्या टेबलाकडे फिरकत नव्हते. आधी तिला वाटलं, त्यांना बघवत नसेल. मग लक्षात आलं, की ते दुसऱ्याही कशाला हात लावत नाहीत. सकाळचा चहा या घरात बाबांचा असायचा. कितीही लवकर उठलं तरी ओट्यावर दोन कप झाकलेले असत, एक तिचा, एक नवऱ्याचा. आता बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत आणि विचारत, “गॅस लावू का? का तू लावतेस?” ती म्हणायची, लावा ना बाबा. तरी ते थांबून राहत, ती येऊन लावेपर्यंत. गिझरचं बटण दाबण्याआधी विचारत. दाराला कडी घालण्याआधी विचारत. एकदा त्यांनी तिला स्वतःच्या रक्तदाबाची गोळी दाखवून विचारलं, की ही आत्ताचीच ना. ती गोळी ते पंधरा वर्षं घेत होते.

“बघ,” नवरा तिला हळू आवाजात म्हणाला, “मी म्हणत होतो ना. एकदम उतरलेत.” त्याने दिवसभर सोबतीला एक बाई ठरवायचं काढलं होतं. बाबांना ते सांगितल्यावर ते नाही म्हणतील अशी त्याची तयारी होती. बाबा म्हणाले, “चालेल.” एवढंच. नवऱ्यालाही ते लागलं असावं, कारण तो नंतर बराच वेळ गॅलरीत उभा होता.

साहेब बरे झाले तर त्यांना लेकीच्या एका मित्राकडे द्यायचं, असंही ठरलं. त्यालाही बाबा चालेल म्हणाले.

लेकीचा फोन रोज यायचा. तिची परीक्षा चालू होती, म्हणून आईने सगळं सांगितलं नव्हतं. हेही एक कारण तिने जपून ठेवलं होतं. लेक मात्र आकड्यांची पोर होती. “आजोबांनी चाळीसच ठेवलं होतं ना?” तिने विचारलं. हो. “मग भाजेल कसं? चाळीसला खरं बत्तीस असतं.” आई गप्प राहिली. मग लेक बारीक आवाजात म्हणाली, की मग माझंच मोजणं चुकलं असेल. तेव्हा मी तापमापक फरशीवर नीट टेकवला होता का, ते आता आठवत नाही. म्हणजे माझ्यामुळे झालं. आजोबांना सांग, त्यांचं काही चुकलेलं नाही.

तिने आजोबांना तो निरोप दिला. बाबा म्हणाले, “पोर मला सांभाळून घेतेय.”

त्या आठवड्यात प्रयोगशाळेत एका लाँड्रीचा तापमापक आला होता. वाळवणीच्या खोलीतला, तीन अंश कमी दाखवणारा. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर एक नियम चिकटवलेला होता, तिनेच छापून आणलेला. ग्राहकाला विचारल्याशिवाय यंत्रात दुरुस्ती करायची नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती याचं कारण समजावून सांगत असे. चुकणारं यंत्र वापरणारा माणूस मूर्ख नसतो, त्याला ती चूक बहुधा माहीत असते आणि त्याने आपलं सगळं काम तिच्याभोवती बसवलेलं असतं. तुम्ही यंत्र सरळ केलंत की त्याचं काम वाकडं होतं. तिने लाँड्रीला फोन लावला. पलीकडची बाई इस्त्रीच्या वाफेच्या आवाजात म्हणाली, “माहितेय हो आम्हाला. आमचा माणूस त्या बेताने लावतो. तुम्ही हात लावू नका, नुसतं किती चुकतं ते लिहून द्या.”

“नाही लावत,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने तो तापमापक डबीत ठेवला, डबी बंद केली आणि खुर्चीत बसून राहिली. लाँड्रीतल्या कुठल्याशा माणसाला विचारायचं तिला सुचलं होतं. त्या रविवारी पडद्यावरचं चाळीस आणि फरशीवरचं बत्तीस शेजारी शेजारी पाहून, हे कुणीतरी जाणून लावलंय हा सरळ तर्क तिला सुचला नव्हता. का नाही सुचला, याचं उत्तर तिला माहीत होतं. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

घरी आली तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले होते, हात गुडघ्यांवर, दाखवायच्या कपाटात ठेवल्यासारखे. सोबतीची बाई दुसऱ्या दिवसापासून यायची होती. तिने हात धुतले, टेबलावर कापड पसरलं, साहेबांना बाहेर काढलं आणि म्हणाली, “बाबा, जरा इकडे येता? मला एका हाताने जमत नाहीये.”

“नको गं. माझा हात नको लागायला त्याला.”

“तुमच्या हाताने नाही झालं ते.”

“असू दे. उगाच माझं मन राखू नकोस. वय झालं की होतं.”

“मन राखत नाहीये. ते यंत्र मी दुरुस्त केलं होतं.”

बाबांनी मान वर केली. “कुठलं?”

“थर्मोस्टॅट. तो आठ जास्त दाखवायचा ना, ते मी काढून टाकलं. खरं दाखवायला लावलं आणि बत्तीसवर ठेवलं. दौऱ्यावर जायच्या आधी, रविवारी. तुम्हाला न सांगता.”

साहेब तिच्या मुठीत निपचित होते. बाबा मनातल्या मनात आकडे हलवत आहेत हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं.

“म्हणजे मी चाळीस केलं, ते खरोखरचं चाळीस झालं.”

“हो.”

“म्हणजे पोरीचं मोजणं बरोबर होतं. आणि माझं ऐकणंही.”

“हो, बाबा. तुमचं बरोबर होतं.”

ते उठून टेबलाजवळ आले, पण बसले नाहीत. “दवाखान्यात मी सांगितलं चाळीस, तेव्हा तुला कळलं होतं?”

खोटं बोलायला जागा होती. नंतर कळलं म्हटलं असतं तर त्यांनी ते मानलं असतं. “तेव्हाच कळलं,” ती म्हणाली.

“आणि त्या रविवारी मी घरातच होतो की. झोपून उठल्यावर चहा मीच केला. तू समोर बसून प्यायलीस. तेव्हा का नाही बोललीस?”

याचं उत्तर तिने कितीतरी प्रकारे मनात घडवून ठेवलं होतं. गडबड होती, विसरले, तुम्हाला कशाला त्रास. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

“वाटलं, तुम्हाला सांगून काय उपयोग,” ती म्हणाली.

बाबांनी खुर्ची ओढली आणि बसले. ते रागावतील, निदान आवाज चढवतील, असं तिला वाटत होतं आणि तसं व्हावं असंही वाटत होतं. ते नुसते टेबलावरच्या कापडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला, आणि तिने साहेबांना त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्याने त्या ठिपकेदार डोक्यावरून एकदा हात फिरवला.

“मी गॅसपाशी उभा राहून विचारत होतो तुला,” ते म्हणाले. “लावू का म्हणून. आणि तू येऊन लावून देत होतीस.”

तिने टेबलावरच्या कापडाची कड सरळ केली.

“फोन लाव त्याला. आणि पोरीला. मी इथे बसतो. मला ऐकू येईल असं बोल.”

तिने स्पीकर चालू करून आधी नवऱ्याला लावला. तो मीटिंगमधून बाहेर आला. तिने जसं घडलं तसं सांगितलं, दवाखान्यातली मान हलवल्याचंही सांगितलं. त्याने विचारलं, की मग त्या उद्यापासून यायच्या बाईचं काय करायचं.

“तिला कळव,” बाबा टेबलापाशी बसल्या जागेवरून म्हणाले, जुन्या ऑपरेटरच्या स्वच्छ, न चढवता दूर जाणाऱ्या आवाजात, “इथे कुणी आजारी नाही. पाल सोडून.”

लेकीला सांगणं जास्त जड गेलं. लेकीने मध्ये एकदाही तिचं बोलणं तोडलं नाही. शेवटी म्हणाली, “आई, पेटी मोजायला तापमापक मी तुझ्याकडूनच घेतला होता. कशाला हवाय असं तू विचारलंही नाहीस.” मग तिने स्पीकर बंद करून आजोबांना फोन द्यायला सांगितलं. आजोबा ‘हं, हं’ म्हणत राहिले, एकदा हसले, आणि एकदा त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. काय बोलणं झालं ते सुनेला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

फोन झाल्यावर बाबा पेटीपाशी गेले. “आता किती?” त्यांनी विचारलं.

“बत्तीस.”

“बत्तीस हवं, म्हणून बत्तीस. बरोबर?”

“बरोबर.”

“यापुढे कुणी हात लावला, तर दुसऱ्याने म्हणून दाखवायचं. तूसुद्धा.”

“हो.”

“हो नाही. म्हण.”

तिने म्हणून दाखवलं. थर्मोस्टॅटच्या आकड्यासमोर उभं राहून, शाळेतल्यासारखं.

त्या दिवशी साहेबांनी बाबांच्या चिमट्यातली अळीही घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाबा मात्र आता पेटीसमोरून हलत नव्हते. साहेबांशी सतत काहीबाही बोलत होते, की इतकी रजा साचवली की वरून पत्र येतं, की शेपटीचं बघा जरा, बेल्ट ढिला होतोय. मग एका सकाळी ती केस पुसत बाहेर आली तेव्हा बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. साहेबांनी मान तिरकी केली होती. शेपटीचं टोक थरथरलं. त्यांनी अळी पकडली, दोनदा चावली आणि गिळली, आणि नंतर जिभेने ओठ चाटत बसले. बाबांनी चिमटा टेबलावर ठेवला.

पुढे जखमेवर खपली धरली. नंतर कात टाकताना बाकीची कातडी निघाली, पण पोटावरचा तो भाग चिकटून राहिला आणि डॉक्टरांना ओल्या कापडाने सोडवावा लागला. खालची नवी कातडी गुळगुळीत होती, रंग मात्र परत आला नाही. जगेल, डॉक्टर म्हणाल्या. डाग राहील. मित्राकडे देण्याचा विषय नंतर कुणी काढला नाही.

बाबा गॅस स्वतः लावू लागले. गिझर, कडी, गोळ्या, सगळं पूर्वीसारखं झालं. नवरा दोन-तीनदा त्यांच्यापाशी जाऊन बसला, काहीतरी बोलला, आणि आता तो ती नजर कुणाकडे टाकत नाही. तिच्याशी बाबा बोलतात. औषध संपलं का, अळ्या आणल्यास का, आकडा किती. आवाजात राग नाही. फक्त पूर्वी ते तिला ‘सूनबाई’ म्हणायचे, चेष्टेने, तो शब्द लांबवून. ते बंद झालं आहे.

ओट्यावर सकाळी दोन कप झाकलेले असतात. एक नवऱ्याचा आणि एक बाबांचा स्वतःचा. पातेल्यात चहा उरलेला असतो, तिच्यापुरता, गाळणीही शेजारी ठेवलेली असते. ती गाळून घेते.

आज ती कप घेऊन पेटीसमोर उभी राहिली. साहेब जागे होते. ते काचेपाशी आले, पुढचे दोन्ही पाय काचेवर टेकवून उभे राहिले आणि बाहेर कुणी अळी आणलीय का ते पाहू लागले. चढता येत नाही त्यांना काचेवर, नुसते उभे राहतात, पोट सगळं दाखवत. डाग तिच्या डोळ्यांच्या बरोबर समोर होता, जुन्या नाण्याएवढा, कडेला फिका.

“किती आहे?” आतून बाबांनी विचारलं.

तिने पडद्याकडे पाहिलं. “बत्तीस.”

“बत्तीस,” बाबा म्हणाले, आणि आत कपबशी ठेवल्याचा आवाज आला. “बरोबर.”